आधी माई चाखणार

पडदा वर जातो. सन पन्नास, उज्जैन. देवास गेटजवळच्या एका इस्पितळातला पुरुषांचा वॉर्ड. सातव्या खाटेवर हिवतापानं फणफणलेला मी. परवापर्यंत नाटकात राजा होतो, आता अंगावर सरकारी लाल कांबळं. उशाशी स्टुलावर पदर खोचून पहारा देणारी माझी आत्या, दुर्गाबाई. सगळ्यांची माई. या खेळाची नायिका तीच.

तिच्या सासरच्या दोन पिढ्या शिंदे सरकारच्या मुदपाकखान्यात राबल्या. ताट पुढे करण्याआधी वाढणाऱ्यानं चाखायचं, हा तिथला नियम. संस्थान विलीन झालं, नियम माईच्या अंगात राहिला. त्यातून इस्पितळावर तिचा काडीचा भरवसा नव्हता.

"इथं माणूस भरती होतो, छुट्टी मात्र शिप्राकाठच्या मसणातच मिळते," असं ती समोरच्या पेशंटला ऐकवायची. तो बिचारा भिंतीकडे तोंड फिरवायचा.

मला दिवसातून तीनदा हिवतापावरचं कोयनेलचं कडूजहर औषध असे. नर्स प्रतिभाबाई पेल्यात ओतून पुढच्या खाटेकडे वळली की माई अर्धा पेला स्वतः प्यायची. चमचाभरानं विष काय कळणार? मग शंभर आकडे मोजायची आणि आपण जिवंत आहोत असं पटलं की उरलेलं मला पाजायची. मी ग्लानीत, हे सारं मला मागाहून कळलं.

पाचव्या दिवशी उतरलेला ताप पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाले, असाच चढत राहिला तर पोरगा हाती लागायचा नाही. माई ताडकन उठली.

"टांगा बोलावलाय. श्रीनाथला घरी नेते."

"माई, रस्त्यातच जातील ते!" प्रतिभाबाई आडवी आली.

"आणि इथं वाचेल? दवाईत काहीतरी मिसळताय तुम्ही. दोन दिवस झाले, माझे कान वाजतायत!"

प्रतिभाबाई थबकली. कोयनेलनं कान वाजतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ताप यांना, आणि कान तुमचे वाजतात? माई, किती प्यायलात?"

माईनं पेल्याकडे पाहिलं. "अर्धा. दर वेळी."

"वा! म्हणजे यांच्या वाट्याचं अर्धं औषध तुम्ही घेतलंत, तेही न आलेल्या तापावर!"

वॉर्ड हसला. माई हसली नाही. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. प्रतिभाबाईनं बाटली उचलली, वेगळ्या चमच्यात घोटभर ओतलं आणि माईसमोर पिऊन टाकलं.

"आता मोजा."

माईनं तिच्या तोंडावरची नजर न हलवता शंभर मोजले. मग भरलेला पेला माझ्या ओठांना लावला, पहिल्यांदाच पुरता. टांगा रिकामा परतला. आठवड्यानं मी चालत घरी गेलो.

सत्तावन्न साली इस्पितळाच्या दारावर नव्या मध्यप्रदेश राज्याची पाटी लागली होती, तेव्हा माई स्वतः तिथं भरती झाली. प्रतिभाबाई आता बायकांच्या वॉर्डात होती; माईनं हट्टानं तोच मागून घेतला. शेवटच्या सकाळी प्रतिभाबाईनं औषधाचा चमचा आधी स्वतःच्या तोंडाकडे नेला. माईनं तिचं मनगट धरलं, जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली,

"तुझं नको चाखायला, पोरी. औषध कालवणाऱ्या त्या कंपाउंडरवर तेवढी नजर ठेव."