टेकवून मारायची गन

लालबागला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर किराणा दुकान होतं. गिरण्यांचा संप सुरू झाला आणि दुकानदाराने नवाच नियम काढला. रोखवाले आधी, संपवाले बाजूला. माझी आई तेलाची बाटली घेऊन कांद्याच्या गोणीशी उभी राहायची आणि तिच्यानंतर आलेले लोक सामान घेऊन निघून जायचे. "संपवाल्यांना कसली घाई? घरीच तर बसायचंय," असं तो मुद्दाम मोठ्याने म्हणायचा. लोक हसायचे, आई खाली बघायची. ते हसणं मी विसरलो नाही आणि मला विसरायचंही नव्हतं. क्षमा वगैरे मोठ्या मनाच्या माणसांनी करावी. माझं मन दहा बाय दहाच्या खोलीत वाढलंय.

पुढे मी बारकोड वाचणाऱ्या गन विकायला आणि दुरुस्त करायला लागलो. माझगावची गोदामं, हिंदमाताची साड्यांची दुकानं, सगळीकडे फिरायचो. एक दिवस त्याच दुकानातून बोलावणं आलं. आता त्याचं सुपरमार्केट झालं होतं. त्याच्या मुलाने दोन काउंटर मांडले होते, एकावर मुलगा स्वतः, दुसऱ्यावर तोच दुकानदार, आता म्हातारा झालेला, कारण म्हातारा काही केल्या गल्ला सोडत नव्हता. मला त्याने ओळखलं नाही. उलट साहेब म्हणून खुर्ची दिली. पाणी देताना त्याचा हात असा थरथरला की निम्मा ग्लास माझ्या बुटावर सांडला.

तिथेच माझं ठरलं. मुलाला लेझरची गन दिली. ती हातभर लांबून दाखवली तरी लगेच बीप वाजायचा. म्हाताऱ्याला दिली ती टेकवून मारायची. तिचं तोंड बारकोडला सरळ टेकवायचं आणि हात अजिबात हलू द्यायचा नाही.

"बाबांना ही सोपी पडेल," मी मुलाला सांगितलं. जीभ जराही अडखळली नाही.

थोड्याच दिवसांत म्हाताऱ्याची रांग मुलाकडे सरकली. तो रिकाम्या काउंटरवर गन धरून बसू लागला. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. चुरगळलेली चकचकीत पुडी तर त्याला मुळीच जमत नाही, हेही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तो आजून गल्ल्यार बसता?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलाची गन तपासत होतो, तर आई दुकानात आली. तिने बास्केटभर शाम्पूच्या पुड्या घेतल्या आणि म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. पहिली पुडी तिने मुठीत चांगली चुरगाळली आणि मग त्याच्यापुढे ठेवली.

म्हाताऱ्याने गन टेकवली. हात हलला. पुन्हा टेकवली. त्याच्या कपाळावर घाम आला. मुलाच्या रांगेतले लोक वळून बघू लागले.

"वहिनी, तिकडे मुलाकडे जा ना," तो हळू आवाजात म्हणाला. "लवकर होईल."

"नको. मला तुमच्याच हातचं पाहिजे. सावकाश मारा."

तेव्हा त्याने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. ओळख पटल्याचं मला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग तो माझ्याकडे वळला.

"साहेब, दुसरी गन नाही का हो?"

माझ्या खांद्यावरच्या बॅगेत लेझरची एक गन होती. मी आईकडे पाहिलं. तिने बास्केटमधली पुढची पुडी चुरगाळायला घेतली होती.

"नाही," मी म्हणालो.