प्रमिलाताईंचा डावा हात

“बाई बॉल घेऊन राहिली का संत्रं?”

सौंसरच्या बसस्टँडजवळच्या दुकानात मागून कोणीतरी हसलं. प्रमिलाताईंनी वळूनही पाहिलं नाही. दुकानदाराच्या बादलीत त्यांनी पाच कॉर्कचे बॉल सोडले होते. चार जसे पडले तसेच तरंगत होते. पाचवा कसाही टाकला तरी फिरून तीच बाजू खाली घाली.

“याचं एक अंग जड हाय. हा वळते,” म्हणत त्यांनी तोच उचलला आणि डाव्या हाताने पैसे पुढे केले. दुकानदार ते घेईना.

“घ्या ना भाऊ. हात धुतलेला हाय, तुमच्याच बादलीत.”

ताई तहसील कचेरीत क्लार्क होत्या आणि आमच्या मागच्या खोलीत राहत. संध्याकाळी बुद्धविहारामागच्या मैदानात त्या मुलींना बॉलिंग शिकवत. मी कडेला उभी राहून बघायची. घरी आई आणि शाळेत मिस, दोघींनी मिळून माझी पेन्सिल उजव्या हातात आणली होती. इंग्रजी शाळेत मी विचारल्याशिवाय बोलत नसे, विचारल्यावरही थोडंच.

एकदा बॉल माझ्याकडे घरंगळत आला. मी तो नकळत डाव्या हाताने परत फेकला. ताई थांबल्या. “हे काहून लपवून राहिली तू?”

दुसऱ्या दिवसापासून मी डाव्या हाताने बॉल टाकू लागले. ताई स्टंपच्या डाव्या बाजूला, क्रीझच्या टोकाशी मला उभं करत. “याले राउंड द विकेट म्हणते. इथून टाकला का बॅटवालीले वाटते, बॉल आत येऊन राहिला. ते पायावर खेळाले जाते. तेवढ्यात बॉल बाहेर निंगते अन् ऑफ स्टंप घेऊन जाते.” लोक कुंपणाशी उभे राहून ओरडत, “सीध्या हाताने टाक ना!” ताई म्हणत, “तुम्ही सीधे उभे राहा, मंग पाहू.”

पांढुर्ण्याला शाळांचा सामना ठरला आणि त्याच आठवड्यात ताईंची छिंदवाड्याला बदली झाली. बसमध्ये चढताना त्यांनी तो बॉल माझ्या हातात दिला. “तिथं अंपायर विचारन, कोणता हात, कोणती बाजू. नुसता हात दाखवून चालत नाही. तोंडानं सांगा लागते. ते मी नाही सांगू शकत तुह्यासाठी.”

सामन्याच्या सकाळी खेळाच्या सरांनी बजावलं, “सगळ्यांसमोर उलट्या हाताने टाकून शाळेची शोभा करू नकोस. उजव्याने टाकायचं, नाहीतर बसायचं.” मी मान हलवली. नेहमीच हलवत असे.

चौथ्या षटकाला कॅप्टनने बॉल माझ्याकडे दिला. सर सीमारेषेवर उजवा हात हलवत होते. मी चालत स्टंपच्या डाव्या बाजूला गेले. अंपायरने विचारलं, “कोणता हात?”

मी बॉल डाव्या हातात घेतला. माझा आवाज सीमारेषेपर्यंत गेला.

“डावा हात. राउंड द विकेट.”