खर्जाची पेटी

लिफ्टच्या कंपनीत त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. हे वैद्य माणसांचे नव्हेत, लिफ्टचे. यंत्र उघडण्याआधी ते दाराच्या चौकटीला कान लावून उभे राहत आणि सांगत, "वरचं बेअरिंग कुरकुरतंय." वर जाऊन बघावं, तर बेअरिंगच. दहा-दहा मजले चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांचा जीव एकतीस वर्षं त्या दोन कानांवर सोपवलेला होता. बुवांना त्याचा अभिमान होता. जरा जास्तच होता, पण शोभत होता.

घरी त्यांचा शौक एकच. दोन स्पीकर, एक जुना अँप्लिफायर आणि कपाटाचा खण भरून तबकड्या. त्यातली एक फार लाडकी. पियानोच्या मागे डबल बेस, म्हणजे माणसापेक्षा उंच असं ते तंतुवाद्य, खर्जात असं घुमायचं की दिवसभराचा शीण उतरायचा.

तो खर्ज दोन महिन्यांपूर्वी नाहीसा झाला. मुलगी लग्न होऊन गेली, तिच्यामागून तिचा पलंग गेला आणि खोली मोकळी झाली. बुवांनी भिंतीलगतची आपली खुर्ची ओढून खोलीच्या बरोब्बर मध्यावर आणली, मोजायची टेप लावून, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर. राजासारखे बसले. पियानो आला, खर्ज नाही. तबकडी पुसली, सुई बदलली, तारा काढून पुन्हा लावल्या. नाहीच! मग मनात पाल चुकचुकली. आपले कान तर गेले नाहीत?

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. कामावर मात्र धडधाकट लिफ्टलाही ते पुन्हापुन्हा कान लावू लागले. तपासणीच्या कागदावर सही करताना हात अडखळू लागला. मोटरची बिघडलेली घरघरही खर्जातलीच असते. ती अशीच निसटली तर?

बायकोपाशी विषय काढला तोही आडवळणाने, तबकडी चालू असताना.

"आपल्या स्पीकरांत खर्जच उरला नाही गं. सबवूफर घ्यावा म्हणतो, खर्जाची वेगळी पेटी."

ती कोपऱ्यात शिलाई मशीनवर कुणाच्यातरी पँटची उंची कमी करत होती. "उरला नाही कसा? माझ्या डब्यातल्या टाचण्या नाचतायत की!"

"तुला त्यातलं काय कळतंय!"

तिने मान वर न करता दोरा तोडला. मशीन थोडं जोरात चाललं.

बुवांची पंचाईत वेगळीच होती. पेटी घ्यावी, तर कानांना आता मोठा आवाज लागतो हे कबूल केल्यासारखं. न घ्यावी, तर तो खर्ज कायमचा गेला. आणि पेटी लावूनही ऐकू आलं नाही तर? तर साहेबांना सांगून सहीचं काम सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दुकानदार ओळखीचा. त्याने रविवारपुरती पेटी वापरून बघायला दिली आणि एक युक्ती सांगितली. "पेटी आधी तुमच्या खुर्चीवर ठेवा. गाणं लावा. मग तुम्ही खोलीभर रांगा. जिथे खर्ज भरून येईल, ती पेटीची जागा."

"रांगू?"

"लहान मुलासारखे."

रविवारी दुपारी पेटी खुर्चीत बसली आणि छप्पन्न वर्षांचे वैद्यबुवा जमिनीवर आले. कपाटापाशी कान लावला. नाही. दारापाशी थोडासा, पण समाधान नाही. गुडघे बोलू लागले. बायको मधेच इस्त्री घेऊन आली, नवऱ्याला वळसा घालून टेबलाकडे गेली. बुवा रांगत रांगत शिलाई मशीनखाली शिरले आणि एकदम थबकले.

तोच! तोच डबल बेस, गोल, भरदार, छातीपर्यंत पोचणारा. एकेक तार वेगळी ऐकू येत होती. बुवांचे डोळे भरून आले.

"सापडला!" ते खालूनच ओरडले. "ऐकलंस? म्हणूनच म्हणत होतो पेटी हवी. तुझं मशीन तेवढं हलवावं लागेल!"

"कुठली पेटी?" बायको म्हणाली. "तिचा प्लग मी मघाशीच काढलाय. इस्त्रीला बोर्डावर जागा नव्हती."

बुवा ताडकन उठायला गेले आणि मशीनच्या फळीवर डोकं आपटलं. टाचण्यांचा डबा खणखणला. पेटीवरचा दिवा खरंच विझलेला होता. जुने दोन स्पीकरच वाजत होते.

"म्हणजे माझे कान..."

"कानांना काय धाड भरलीय? खुर्ची मधोमध नेलीत तिथेच तो खर्ज मरतो. भिंतीशी होतात तोवर तक्रार होती का? काखेत कळसा नि गावाला वळसा!" मग ती वाकून मशीनखाली बघत हळू म्हणाली, "दोन महिने त्याच काळजीत होतात ना? मला सांगायचं होतंत."

"भीती वाटली," बुवा म्हणाले. जमिनीवर बसून हे बोलणं त्यांना सोपं गेलं.

सोमवारी पेटी दुकानात परत गेली. त्याच दिवशी बुवांनी एका लिफ्टला कान लावला, एकदाच, आणि सही केली.

संध्याकाळी खुर्ची शिलाई मशीनशेजारी आली. भिंतीला टेकून, एका स्पीकरच्या जवळ, दुसऱ्यापासून लांब. टेप कुणी लावली नाही. तबकडी सुरू झाली तसा बायकोने टाचण्यांचा डबा उचलून त्यांच्या हातात दिला.

"धरा. नाचतायत की नाही, बघा."

बुवांनी तळहातावर डबा धरला आणि गाणं संपेपर्यंत खाली ठेवला नाही.