ट्रेडमिल आणि भाजीची पिशवी

नातवंडांनो, तुमच्या बाबाने जुईनगरच्या आपल्या घरी ट्रेडमिल पाठवली, तेव्हा मला विचारलंही नाही. फोनवर म्हणाला, "आई, अल्झायमर झालेले उंदीर चाकावर पळाले, तर त्यांची स्मरणशक्ती सुधारली. अण्णांना रोज चालव."

मी चालवलं. अण्णा, म्हणजे तुमचे आजोबा, पट्ट्यावर चढले आणि म्हणाले, "पिशवी दे." जन्मभर ते पिशवीशिवाय चालायला निघाले नव्हते. मी दिली. थोड्या वेळाने ते घाबरून ओरडले, "अजून मार्केट का येत नाही? कुठे नेतेस मला?" मशीन थांबल्यावरही ते पिशवी छातीशी घट्ट धरून होते.

दुपारी मी तुमच्या बाबाने पाठवलेला लेख शेवटपर्यंत वाचला. त्यातले उंदीर मनात येईल तेव्हा चाकावर चढत आणि मनात येईल तेव्हा उतरत.

मी फोन लावला. "लेख वाचलास का तू?"

"वरवर. का गं?"

"मशीन न्यायला माणूस पाठव. आणि अण्णांची एवढी काळजी असेल, तर स्वतः ये आणि त्यांच्याबरोबर चाल."

आता रोज संध्याकाळी पिशवी घेऊन आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जातो. ट्रेडमिल गेली. तुमचा बाबा अजून आलेला नाही. त्याला हे वाचून दाखवा, शेवटपर्यंत.