वरूनच कमी आहे

गावात आजही सांगतात, की म्हाताऱ्याने कंपनीच्या माणसाशी भांडण केले, कंपनीने इंटरनेट तोडले, आणि म्हणून सून नातीला घेऊन पुण्याला गेली. भांडण मी केले, हे मान्य. बाकीचा क्रम साफ चुकीचा आहे.

माझा मुलगा वारल्यावर सून घरी बसून लग्नाचे व्हिडिओ जोडण्याचे काम करू लागली. काम पुण्याचा एक स्टुडिओ देत असे. तयार फाईल ठरलेल्या वेळी इंटरनेटवरून तिकडे चढवायची, एवढीच अट. हिवरा आश्रमच्या रस्त्यावरील आमच्या गावात मोबाइलला रेंज जेमतेम, म्हणून मेहकरच्या कंपनीची केबल घेतली. काही महिने सुरळीत गेले. मग फाईल पहिली दहा मिनिटे झरझर जाई आणि पुढे रांगू लागे.

"मामाजी, चढूनच नाई राह्यलं," सून म्हणे. त्याच केबलवर नात कार्टून बघत असे; ते मात्र क्षणभरही थांबत नसे.

तीनदा उशीर झाल्यावर स्टुडिओचा निरोप आला: हातातली फाईल चार दिवसांत चढवा; ते जमत नसेल तर पुण्यात येऊन काम करा, नाही तर दुसरे काम बघा. त्या निरोपानंतर मी मेहकरला गेलो, आधी नव्हे.

काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "काका, वरूनच कमी येऊन राह्यलं. आमच्या हातात काई नाई."

ते वाक्य माझेच होते. कसे, ते गावाला ठाऊक नाही. पाटबंधारे खात्यात माझी सारी नोकरी कालव्यावर गेली. वजनदार शेतकऱ्यांची पाण्याची पाळी सांभाळायची असली, की आम्ही शेतांकडे पाणी नेणाऱ्या शेवटच्या चारीच्या तोंडाशी लाकडी फळी टाकून पाणी अडवत असू, आणि तिथले लोक विचारायला आले, की मी सांगत असे, "पाणी वरूनच कमी आहे." हे वाक्य बोलताना मान वर करायची नसते, हेही मला ठाऊक होते.

"फळी कोठं टाकली बे?" मी विचारले.

"कायची फळी, काका?"

"वरून कमी असतं तं उतरणारंई अडलं असतं. चढणारंच काऊन अडते? तू जे बोलून राह्यला, ते मी तुह्या जन्माआधीपासून बोलत होतो."

रांगेतले लोक हसले. तो चिडला, आणि चिडून खरे बोलला.

"तुमच्या घरून लय माल चढते. एकट्यानं सारी लाइन खाल्ली तं बाकीचे बोंबलतात. म्हणून तुमचं चढणं दाबा लागते. नाई पटत तं दुसरी कंपनी पाहा!"

दुसऱ्या कंपनीची केबल आमच्या गावापर्यंत येत नव्हती. तो जे बोलला ते मी लेखी मागितले. त्याने दिले नाही. मग मी कंपनीच्या वरच्या कार्यालयाला तक्रारीचे पत्र लिहिले. उत्तर म्हणून आठ दिवसांत कंपनीची माणसे आली आणि खांबावरून केबल उतरवून घेऊन गेली. तोवर स्टुडिओने दिलेली मुदत संपून गेली होती.

पुण्याला निघण्याच्या दिवशी फाट्यावर मी सुनेला म्हणालो, "त्याच्या तोंडून मी कबूल करून घेतलं होतं, सूनबाई."

"हाव, मामाजी. तुमी खरेच होते." तिने पिशवीची चेन ओढली. "पण मी तुमाले भांडाले नव्हतं धाडलं. मले फाईल चढवाची होती. त्याले हात जोडले असते, तं कदाचित चार दिवस लाइन सोडली असती त्यानं."

सोडली असती. कालव्यावर हात जोडणाऱ्यांसाठी मी फळी कितीदा काढली होती.

हे तिला मी सांगितले नाही. एसटी आली, आणि नात खिडकीची जागा धरायला पुढे पळाली.