साध्या पाण्याचा ससा

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मराठीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. घरात नवरा होता, पण त्याने ऐकणं केव्हाच सोडलं होतं. अशात कोलशेतच्या एका औषध कंपनीतून बोलावणं आलं. तिथे प्राण्यांवर औषधं तपासतात, आणि प्रत्येक प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीत बाहेरचा, शास्त्रज्ञ नसलेला एक जागरूक नागरिक लागतो. समितीचा अध्यक्ष माझा जुना विद्यार्थी. त्याच्या निबंधांवर मी इतक्या लाल रेघा ओढल्या होत्या, की जागरूक म्हटल्यावर त्याला मीच आठवले. न्यायला डोंबिवलीपर्यंत गाडी यायची. सोसायटीत माझा भाव वधारला.

पहिल्याच बैठकीत ‘सॅक्रिफाइस’ कानावर आलं. प्रयोग संपला की उंदीर सॅक्रिफाइस करायचे.

“अरे, यज्ञ कोणी मांडलाय इथे? मारणं म्हण की सरळ.”

“करेक्ट आहे, बाई,” अध्यक्ष म्हणाला.

कामगारांसाठीच्या सूचनांत लगेच ‘मारणे’ आलं. मग मी ‘नमुने’ काढून ‘प्राणी’ घातलं, ‘अस्वस्थता’ काढून ‘वेदना’ घातलं. सगळं मान्य. शाळेतही माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं. शब्द खरा केला की माणूस आपोआप सुधारतो, अशी माझी समजूत. मराठीच्या बाईंची दुसरी काय असणार! वर्षभरात तिथली मराठी निर्मळ झाली, आणि उंदीर पूर्वीइतकेच मेले.

एकदा मात्र मी शब्दांपलीकडचं मागितलं. डोळ्यांत घालायच्या एका औषधाची तपासणी संपली होती. काही सशांच्या डोळ्यांत औषध घातलं होतं आणि तुलनेसाठी उरलेल्यांच्या डोळ्यांत नुसतं मिठाचं पाणी. हे पाण्याचे ससे धडधाकट होते, आणि आता त्यांनाही मारायचं होतं. मी म्हटलं, त्यांना घरं शोधा. कल्पना सगळ्यांना फार आवडली. मग एकाची सोसायटी आड आली, एकीची सासू, एकाच्या घरी मांजर निघालं. अध्यक्षाला केसांची ॲलर्जी होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. करायला गेले गणपती, झाला मारुती, आणि मी एक ससा घेऊन डोंबिवलीला आले. बाकीचे खडवलीला कोणाच्या तरी फार्महाउसवर गेले, असं मला सांगण्यात आलं. फार्महाउसवर रविवारी काय शिजतं, ते मी विचारलं नाही.

खोकं हातात देताना तिथला कोलशेतचाच कामगार म्हणाला होता, “मॅडम, पाला हलूहलू घाला. नाय तं पोट बिघरंल त्याचा.” मी कोथिंबिरीची एकेक काडी मोजून-मापून घालत होते.

शेजारणी बघायला आल्या. “अगं बाई, बिच्चारा! काय काय केलं असेल गं मेल्यांनी!”

“याला काहीच केलेलं नाही,” मी दिमाखात सांगितलं. “साधं पाणी घालायचे.”

तरी हात कोणीच लावला नाही. भूतदया दारापर्यंत आली आणि चपला घालून परत गेली.

माझ्या नवऱ्याला काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलेला; उजवा टिकावा म्हणून रोज संध्याकाळी त्यात औषधाचे थेंब घालते. ते झोंबतात. तो डोकं हलवतो, “अगं हळू! थांब जरा!” म्हणून अख्खा मजला गोळा करतो. ससा आल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी बाटली उघडली. ससा खोलीभर हुंदडत होता. माझ्या हातात बाटली दिसली आणि तो होता तिथेच बसला. कान पाठीला चिकटवले, पोट फरशीला टेकवलं. पळाला नाही. मान तेवढी वळवली, एक डोळा माझ्याकडे वर केला, आणि थरथरत तसाच थांबला.

“बघ, किती शहाणा आहे,” नवरा म्हणाला. “माझ्यापेक्षा शहाणा.”

मला रडू आलं. बाटली पाठीमागे लपवली, तरी ससा हलेना.

पुढच्या बैठकीत काचबिंदूच्याच नव्या थेंबांचा प्रस्ताव होता. जुनी औषधं ज्यांना लागू पडत नाहीत, त्यांच्यासाठी. त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की उजव्या डोळ्याचा दाब आता जुन्या औषधाने उतरत नाही. नवीन काही आलं तर बघू. प्रस्तावात पाण्याच्या सशांपुढे लिहिलं होतं, ‘यांना कोणताही त्रास होणार नाही.’

“भाषा ठीक आहे ना, बाई?” अध्यक्षाने समोशाची बशी पुढे केली.

“हे वाक्य खोटं आहे,” मी म्हटलं. “यांना भीती वाटते.”

त्याने पेन उघडलं. मग म्हणाला, “करेक्ट आहे, बाई,” आणि त्याने तसं लिहिलं: ‘यांना भीती वाटते.’ आता कागदावर सगळं खरं होतं. कागद सह्या होत होत माझ्यापर्यंत आला. मी नवऱ्याचा उजवा डोळा आठवला आणि सही केली.

हल्ली संध्याकाळी मी नवऱ्याला बाथरूममध्ये नेते, आतून कडी लावते आणि मगच बाटली काढते. तो तिथेही ओरडतो. मी एका हाताने थेंब घालते आणि दुसऱ्या हाताने त्याचं तोंड दाबून धरते, बाहेर सशाला ऐकू जाऊ नये म्हणून.