ढोले ब्रदर आणि अर्धा मिली

ढोले ब्रदरांच्या पांढऱ्या पँटवर, उजव्या मांडीच्या मधोमध आणि किंचित बाहेरच्या अंगाला, कायम निळ्या बॉलपेनचा एक ठिपका असायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, खिशातलं पेन गळलं असेल. दुसऱ्या दिवशी पँट धुतलेली होती, कडक इस्त्रीची होती, आणि ठिपका त्याच जागी ताजा होता. तिसऱ्या दिवशी मी विचारणार, तेवढ्यात त्यांनीच माझ्या हातात पेन दिलं, उजवा पाय स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "लावा मॅडम. अड्री कुठी देसान, ते दाखवा."

अड्री म्हणजे ॲड्रेनलिन. मोर्शी तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष पुरं करायला नुकतीच रुजू झाले होते. मी अकोल्याची, औषधशास्त्रात वर्गात पहिली आलेली. ॲड्रेनलिन कुठल्या ग्रंथीत तयार होतं, कुठल्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पन्नाशी उलटलेल्या एका परिचारकानं पाय पुढे करून आपली तोंडी परीक्षा घ्यावी, याचा मला चांगलाच राग आला. रागारागातच मी ठिपका लावला. तो बराच वर लागला. त्यांनी बोटानं चार बोटं खाली जागा दाखवली आणि शांतपणे म्हणाले, "डोक्याले माईत असून भागत नाई. हाताले माईत पायजे."

पुढे कळलं की ही परीक्षा माझ्या एकटीची नव्हती. शिकाऊ नर्स, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, झाडूवाल्या कांताबाई, सगळ्यांनी त्या पँटवर ठिपके लावलेले होते. ढोलेवहिनी एकदा मला म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, दवाखाना तुमचा अन् शाई घासून घासून बोटं माही गेली." ब्रदर नुसते हसले. पेन खिशातच होतं.

दिसायला माणूस आडदांड. घराणं माळ्याचं, गावाबाहेर तीन एकरात फुलकोबी, मेथी आणि झेंडू. ड्युटीवर येताना स्कूटरच्या हँडलला मेथीच्या जुड्यांची पिशवी लटकलेली असे आणि ती अकरा वाजेपर्यंत स्टाफमध्ये वाटून संपलेली असे. बोलणं रोखठोक. पुण्याहून आलेले एक डॉक्टर त्यांना तीन महिने भांडखोर समजत होते, असं ब्रदर स्वतःच मजेत सांगत. "मी त्याईले चाय घ्या म्हणलं, तं थे दचकले."

इंग्रजीत पाठ केलेलं माझं औषधशास्त्र एकदा त्यांनी माझ्या मोडक्या मराठीत ऐकून घेतलं आणि मग स्वतःचं सांगितलं. "आता हे पाहा. वाफ्याले पानी पोचाचं असलं तं पाट भरून वाहिला पायजे. बांध ठाईठाई फुटला, का पानी मधातच मुरते अन् शेवटचा वाफा सुकते. ॲलर्जीच्या रिॲक्शनमंदी असंच होऊन राह्यते. नसा ढिल्या पडतात, पाझरतात, रक्त डोक्यालोक जातच नाई. अड्री बांध लावते. अन् तिकडे मोटरले म्हणते, जोरानं मार. श्वासाच्या नळ्या आवळल्या असतात, त्या मोकळ्या करते. एकाच येळी एकीकडे आवळते अन् दुसरीकडे सोडते, असा शहाना गडी दुसरा नाई." अल्फा आणि बीटा रिसेप्टरांची जी तीन पानं मी लाल शाईनं अधोरेखित केली होती, ती एका कोबीच्या वाफ्यात मावली होती.

या गड्याचे गुण-दोष ते घरच्या माणसाचे सांगावेत तसे सांगत. नाकातून रक्त थांबत नसलं की त्यात भिजवलेली पट्टी नाकात बसवायची. लहान लेकराला भुंकल्यासारखा खोकला येऊन घसा बसला की वाफेतून द्यायचं. टाके घालताना बधिर करायच्या औषधात थोडं मिसळलं की रक्त कमी येतं. "पन शिरेत देसान तं उधळते. मांडीत देसान तं चालीनं जाते." आणि सगळ्यात शेवटी, दर वेळी, बोट वर करून: "ॲव्हिल खाज थांबवते, मॅडम. मरन नाई थांबवत."

हे शेवटचं वाक्य मला भाषण वाटायचं. खरं सांगायचं तर मला ॲड्रेनलिनची भीती वाटत होती. इंटर्नशिपमध्ये मी ते पाहिलं होतं ते फक्त हृदय बंद पडलेल्या माणसाला, छाती दाबता दाबता, शिरेतून देताना. ज्यांना दिलं त्यांतला एकही उठून बसलेला मी पाहिला नव्हता. माझ्या मनात ते औषध म्हणजे नातेवाइकांना बाहेर बोलावण्याआधीची शेवटची गोष्ट होती. माझ्या बरोबरीच्या अनेकांचं असंच होतं, अजूनही आहे. अंगावर गांधी उठलेला पेशंट आला की आम्ही ॲव्हिल देणार, डेक्सा हे स्टिरॉइड देणार, आणि घड्याळाकडे बघत उभे राहणार.

नोव्हेंबरात, संत्र्याची तोड चालू असताना, दुपारी एकच्या सुमाराला मोटरसायकलवर मधे बसवून एका बाईला आणलं. पुढे नवरा, मागे दीर. नाव शोभा, वय पस्तिशीचं. फांदी ओढताना गांधीलमाश्यांचं पोळं हललं आणि मानेवर तीन-चार डंख बसले. अंगभर गांधी, ओठ सुजलेले, दारातच उलटी झाली. "घसा आवळून राह्यला," एवढं ती म्हणाली, तेही घोगऱ्या आवाजात. मी नाडी धरली. ती बोटाखाली लागतच नव्हती.

मी म्हणाले, "ॲव्हिल काढा. डेक्सा काढा." कांताबाईंनी पाय धरून तिला आडवं केलं. ब्रदरांनी ॲव्हिल काढलं नाही. त्यांच्या हातात सिरिंज आधीच भरलेली होती. "मॅडम, अड्री. अर्धा."

"आधी ॲव्हिल देऊ. पाच मिनिटं बघू."

"पाच मिन्टं तिच्यापाशी नाईत."

मला ते दिसत होतं. आणि तरी हात हलत नव्हता. तिचं हृदय या औषधानं थांबलं तर काय, असा एक विचार. आणि दुसरा विचार आज लिहितानाही लाज वाटते असा: खोलीत नवरा उभा, दीर उभा, दारात तोडीवरची चार माणसं, आणि मला त्या बाईचं लुगडं मांडीपर्यंत वर करायचं होतं. मी म्हणाले, "ब्रदर, पडदा आणा आधी. यांना सगळ्यांना बाहेर काढा."

पडदा हा शब्द ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी दचकले. त्यांनी सिरिंज माझ्या मुठीत दिली, माझं मनगट धरलं आणि लुगड्यावरून तिच्या मांडीवर आपलं बोट टेकवलं. "अठी. लुगड्यावरून. कापडातून सुई जाते, मॅडम. द्या."

मी दिलं. ब्रदरांनी मनात आकडे मोजावेत तसे ओठ हलवत सुईची जागा चोळली, कॉटचं पायथ्याकडचं टोक विटांवर चढवलं, सलाइन लावलं. मी नाडीवर बोट ठेवून उभी होते. तीन मिनिटांनी, चार मिनिटांनी, बोटाखाली काहीतरी हललं. मग स्पष्ट लागलं. शोभानं डोळे उघडले आणि हात थरथरतायत, छाती धडधडते म्हणाली. "धडधडू द्या, ताई," ब्रदर म्हणाले. "तेच पायजे." त्यानंतर आम्ही ॲव्हिलही दिलं, डेक्साही दिलं, आणि तिला दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवून घेतलं.

संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "मी दिलं नसतं तर?"

"अजून अर्धा मिन्ट वाट पाह्यली असती. मंग तुमाले न इचारता मी देल्लं असतं. मेमो आला असता तं घेतला असता."

"मग आधीच का नाही दिलंत?"

"मी देल्लं असतं तं हे एक बाई वाचली असती," ते म्हणाले. "तुमी आता डाक्टर हा. चाळीस वर्सं डाक्टरकी करसान." मग मेथीची रिकामी पिशवी घडी करत त्यांनी पडद्याची गोष्ट सांगितली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी, अचलपूरकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, एका नव्या सुनेला इंजेक्शनची रिॲक्शन आली होती. डॉक्टर दौऱ्यावर. ॲड्रेनलिन होतं, ब्रदरांना डोसही माहीत होता. पण सासू कॉटच्या आडवी उभी राहिली. पुरुष माणूस सुनेच्या मांडीला हात लावणार नाही. तेवीस-चोवीस वर्षांचे ढोले ओशाळले, सिस्टरला बोलवायला धावले, सिस्टर क्वार्टरमध्ये होती, ती आली, मग पडद्याला दोरी सापडेना. "दोरी सापडली तवा पोरगी गेलती," ते म्हणाले. "सासूची चूक नोयती, मॅडम. तिले काय माईत? कापडावरून देता येते हे मलेच माईत नोयतं. कोनी शिकवलंच नोयतं. पुढं एका जुन्या सर्जननं सांगतलं, कापडावरून देता येते बावा, काऊन येत नाई? तवापासून मी माह्या पँटवर ठिपका लावून घेतो."

मी त्या माणसाला मनात भांडखोर म्हटलं होतं, आगाऊ म्हटलं होतं. त्या संध्याकाळी मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते चिडले. "डाक्टरनं ब्रदरच्या पाया पडाचं नसते. उद्या कोनी ऐकन काय तुमचं?"

बाँड संपल्यावरही मी तिथंच राहिले, आणखी दीड वर्ष. आईला ते पटलं नाही. तिला मी अमरावतीत किंवा अकोल्यात हवी होते. मला तिला कारण नीट सांगता आलं नाही. कॉलेजनं मला पदवी दिली. डॉक्टर मात्र मी त्या दवाखान्यात झाले, आणि ते पुरतं झाल्याशिवाय निघू नये असं वाटत होतं. आज अकोल्यात माझ्या हाताखाली सहा-सात तरुण मुलं-मुली काम करतात. त्यांच्यापैकी कोणी ॲव्हिल घेऊन घड्याळाकडे बघत उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही, आणि त्याचं श्रेय माझं नाही, हे मी त्यांना दर वर्षी सांगते. ब्रदर आता पूर्णवेळ शेतावर असतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले होते तर माझ्या गाडीच्या डिकीत फुलकोबीचे चार गड्डे कोंबले आणि म्हणाले, "वजन घटलं तुमचं."

पण मला सांगायचा आहे तो त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस. जुलै संपत होता, मी अजून तिथंच होते. निरोपाचा कार्यक्रम वॉर्डातच होता, कारण दुसरी मोठी खोली नव्हती. वहिनी पहिल्या रांगेत. ब्रदर खुर्चीत, अंगावर शाल, गळ्यात त्यांच्याच शेतातल्या झेंडूचा हार, मांडीवर नारळ. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला सकाळी आलेला सर्पदंशाचा पेशंट होता. शेतात बैलांचा डवरा हाकताना साप चावलेला विशी-पंचविशीतला तरुण. त्याला सापाच्या विषावरची लस सलाइनमधून चालू होती. मी भाषणाला उभी राहिले. दुसरं वाक्य बोलत होते, तेवढ्यात त्याच्या कॉटजवळच्या नर्सनं हाक मारली. त्याला खोकला सुटला होता, छातीवर गांधी उठत होत्या, आणि ओठ पांढरे पडत चालले होते. लसीचीच रिॲक्शन.

सगळ्या वॉर्डानं वळून ढोले ब्रदरांकडे पाहिलं. नर्सनं पाहिलं, ड्रायव्हरनं पाहिलं, मीही पाहिलं. ते उठले नाहीत. नारळावर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसून राहिले.

मी कॉटपाशी गेले. नर्सला लस बंद करायला सांगितली. भरलेली सिरिंज तिथंच ठेवलेली होती. लस सुरू करण्याआधी ती भरून ठेवायची हा त्यांचाच नियम. पोराच्या पायात जाड पँट होती. मी कोणाला काही विचारलं नाही, जागा शोधली नाही, हात आपोआप गेला. अर्धा मिली, पँटवरून. पाच मिनिटांनी नाडी कमीच वाटली, म्हणून आणखी अर्धा. मग खोकला बसला, रंग परतला, आणि तो मुलगा घाबऱ्या आवाजात आपल्या शेतातल्या बैलांना पाणी कोण दाखवणार, असं विचारायला लागला. मला रडू आलं. मी ते येऊ दिलं.

भाषण राहूनच गेलं. लस पुन्हा हळूहळू सुरू करून मी परत आले तेव्हा ब्रदर अजून तसेच बसलेले होते. शाल घामानं पाठीला चिकटली होती. नारळावरची बोटं इतकी घट्ट आवळलेली, की वहिनींनी एकेक करून ती सोडवली आणि नारळ काढून घेतला.

"ब्रदर, बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"पस्तीस वर्सं नोकरी केली, मॅडम," ते म्हणाले. "आज बसून राह्यलो, ह्याच्याहून जड काम केलं नाई."